चहा, रविवार आणि प्रार्थनेतला ‘तू’

संपादक मंडळींचा बरेच दिवस आग्रह चालला होता, की ‘तुम्ही ख्रिस्ती मराठी माणसं घरात नक्की कशी राहता, ते एकदा लिहाच.’ आता घरात माणसं कशी राहतात? सकाळी उठतात, चहा करतात, ‘कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का’ म्हणून एकमेकांवर ओरडतात. तरीही या आग्रहामागचं कुतूहल आम्हांला कळतं. मंडळाच्या कार्यक्रमात नव्याने भेटलेली मंडळी आमचं आडनाव ऐकून गाव विचारतात, गाव ऐकून ‘अरे, मग अमक्यांना ओळखत असाल’ म्हणतात, आणि बोलता बोलता नाताळचा विषय निघाला की क्षणभर थबकतात. ‘तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता हो!’ रविवारी ज्या चर्चमध्ये आम्ही जातो तिथे नेमकं उलट. तिथल्या आजीबाई विचारतात, ‘अमेरिकेत आल्यावर ख्रिस्ती झालात का?’ एकीकडे मराठीचं कौतुक, दुसरीकडे ख्रिस्तीपणाचं. दोन्ही प्रेमापोटीच असतात, म्हणून दोन्ही घेतो.

आम्ही म्हणजे दोघं. एक नगरचा. सरकारदरबारी ते आता अहिल्यानगर झालं आहे, पण ‘नगर’ म्हटलं की दोन्हींत भागतं. दुसरी केडगावची. नगरला लागून असलेलं केडगाव नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. पुढे घोटाळा नको म्हणून नगरकर आणि केडगावकर असंच म्हणू. १९९१ पासून बॉस्टनच्या आसपास मुक्काम आहे. दोन मुलं इथेच वाढली, एकाचं लग्नही झालं.

चर्चमधल्या आजीबाईंना आम्ही एक गोष्ट हमखास सांगतो. इथून गाडीने पाऊण तासावर सेलम गाव आहे. तिथल्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईला पोहोचले, आणि त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये नगरला सुरू झालं. तिथून नगरची मंडळी उभी राहिली. म्हणजे आजीबाई, तुमच्याच गावची माणसं आमच्या खापरपणजोबांकडे आली होती. आम्ही फक्त परतभेटीला आलो आहोत, थोडा उशीर झाला एवढंच. (नगरहून त्या मिशनऱ्यांनी धाडलेली पत्रं आज हार्वर्डच्या ह्यूटन लायब्ररीत आहेत.) यातली आणखी एक गंमत अशी, की ज्या प्युरिटन परंपरेतून ही माणसं आली तिला नाताळचं वावडं होतं. मॅसेच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता! आणि त्यांनी वाढवलेल्या नगरच्या मंडळीने काय करावं, तर नाताळला घरोघर करंज्या, शंकरपाळी, चकल्यांचे डबे भरावेत. पाच शिलिंगांच्या हिशेबाने आमच्या आजीचं कर्ज अजून फिटलं नसतं.

पण हा लेख इतिहासाचा नाही, आवडीनिवडी आणि सवयींचा आहे. आणि तो विषय निघाला की केडगावकरांना रमाबाई आठवतातच. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांना चालत नसे. ज्या सिस्टरांच्या आश्रमात त्या राहात होत्या, त्यांना वाटे की हा ब्राह्मणी अभिमान अजून उरला आहे, तो सोडला पाहिजे. रमाबाईंनी तो सोडला नाही. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. आपल्याला लॅटिन येत नाही, संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. पुढे याच बाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. देव कोणता मानायचा, हा प्रश्न त्यांनी जीव ओतून सोडवला होता. पानात काय वाढून घ्यायचं आणि अक्षर कोणतं वाचायचं, हे मात्र त्या कुणाला ठरवू देत नव्हत्या. आम्हांला त्यांचा हा हट्ट त्यांच्या मोठमोठ्या कामांइतकाच मोलाचा वाटतो. श्रद्धा बदलली म्हणजे जीभही बदलायला हवी, असं सांगणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. दोन्ही बाजूंना भेटतात!

आमच्या जिभेचं म्हणाल, तर ती चहावर पोसलेली. ईस्टरच्या आधीचा लेंतचा काळ आला की नगरला लग्नंकार्यं बंद असत, आणि आई काही ना काही सोडायला लावी. मुलांनी गूळ सोडायचा, मोठ्यांनी पान-सुपारी. इथे आल्यावर बरीच वर्षं ते राहून गेलं. २००९ साली नगरकरांनी जाहीर केलं, की यंदा चहा सोडणार. दिवसाला चार कप पिणारा माणूस! पहिले तीन दिवस डोकं असं ठणकलं की केडगावकर म्हणाल्या, ‘प्रभूने चाळीस दिवस उपास केला तो रानात, घरच्यांना छळत नव्हे.’ पुढे हिशेबाचा वाद निघाला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर शेहेचाळीस दिवस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ते चाळीस. तेव्हा रविवारी चहा चालतो, हे नगरकरांचं म्हणणं. रविवारी पिऊन सोमवारी परत डोकं धरून बसणार असाल तर पिऊच नका, हे केडगावकरांचं. या प्रश्नाचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

पण एक गोष्ट घडली. दुपारी चारला ऑफिसात चहाची जी वेळ असे, ती रिकामी झाली. हातांना काही काम हवं म्हणून नगरकरांनी त्या वेळी एकाला फोन लावला. मंडळातलेच एक काका. त्यांच्या पत्नीला जाऊन वर्ष झालेलं, मुलगा कॅलिफोर्नियात. बोलणं काय, तर क्रिकेट, गुडघेदुखी, आणि इंडियन ग्रोसरीत वांगी कशी आली आहेत. दुसऱ्या दिवशी परत लावला. ईस्टरला चहा परत आला, पण चारचा फोन बंद झाला नाही. काका गेले २०१७ साली, तोवर आठ वर्षं तो चालू होता. या काकांना आमच्या धर्माविषयी एका अक्षराची उत्सुकता नव्हती. लेंत म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. त्यांना फक्त इतकं माहीत होतं की चारला फोन वाजतो. चहा सोडून शरीराचं काय भलं झालं असेल ते असो, दुपारचे चार मात्र त्या वर्षापासून बदलले ते बदललेच.

केडगावकरांचा उपास निराळा आणि आमच्या मते जास्त कठीण. त्या चाळीस दिवस शेरे सोडतात. म्हणजे, जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल टिप्पणी करायची नाही. मंडळाच्या संक्रांतीच्या, पाडव्याच्या कार्यक्रमाहून परत येताना गाडीत काय बोलणं चालतं, हे वाचकांना सांगायला नको. साडी, नाटकातली कामं, कुणाच्या पोराला कुठे अॅडमिशन मिळाली, श्रीखंड कुठून आणलं असेल. लेंतमध्ये पाडवा आला की परतीच्या गाडीत पहिला अर्धा तास शांतता असते. तेव्हा कळतं, की आपल्या बोलण्याचा केवढा मोठा हिस्सा गैरहजर माणसांनी व्यापलेला होता. मग हळूहळू दुसरे विषय सुचायला लागतात. कधी एखादं भजन म्हणतो, कधी नुसतं बाहेर बघतो. ही सवय पूर्ण अंगी बाणली आहे असा दावा नाही. ईस्टरनंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला गाडीत भरपूर थकबाकी वसूल होते.

रविवारचं सांगायला हवं. नगरला रविवार म्हणजे उपासना आणि नंतर मटण. शनिवारी रात्रीच आई वाटण करून ठेवी, कारण चर्चची घंटा झाल्यावर पाट्याचा आवाज यायला नको. इथे आलो तेव्हा दोघांच्याही नोकऱ्या नव्या, आणि शनिवार-रविवार जादा काम केलं की पैसे बरे सुटत. रविवारची पाळी घ्यायची नाही, एवढा नियम आम्ही पहिल्याच महिन्यात करून टाकला. त्याची किंमत मोजली. एकदा बढती हुकली, ती त्यामुळेच असं आम्हांला वाटतं. त्याचं फार दुःख नाही, पण अगदीच नव्हतं असंही नाही. गुड फ्रायडेची मात्र दरवर्षी चुटपुट लागते. भारतात तो सुटीचा दिवस. मॅसेच्युसेट्समध्ये नाही, इथे तो चारचौघांसारखा कामाचा शुक्रवार. नगरला दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होत, पांढऱ्या साड्यांनी चर्च भरून जाई, आणि तीन वाजता बाहेर आल्यावर एप्रिलचं ऊन डोळ्यांवर येई. इथे स्वतःची एक रजा खर्चून तो दिवस घ्यावा लागतो. नगरकर म्हणतात, सरकारने फुकट दिलेल्या सुटीपेक्षा हिची आठवण जास्त राहते. केडगावकर म्हणतात, हे सगळं खरं, पण रजा ती रजाच.

रागाबद्दलही एक नियम आहे. राग मनात ठेवून सूर्य मावळू देऊ नये, असा पौलाचा इफिसकरांना सल्ला आहे. आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी तो उपदेशात घातला होता. त्यांना बिचाऱ्यांना बॉस्टनची कल्पना नव्हती. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो! भांडायला दोघं घरी पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते. तेव्हा आम्ही ती रात्री झोपण्यापर्यंत वाढवून घेतली आहे. कधी कधी त्यासाठी एक वाजेपर्यंत जागावं लागतं.

आता जरा नाजूक विषय. मंडळाच्या गणपतीला आम्ही जातो. नगरकर गेली कित्येक वर्षं पार्किंग आणि माइक सांभाळतात. आरतीच्या वेळी आम्ही मागे शांत उभे राहतो, ताट हातात घेत नाही. ते कुणाला खटकलेलं नाही. खरा प्रश्न प्रसादाचा. करिंथच्या मंडळीला हाच प्रश्न पडला होता, आणि पौलाने त्यावर पत्रात जवळजवळ तीन अध्याय खर्च केले आहेत. त्याचं सार आम्ही असं समजतो, की अन्नात स्वतःचं असं काही नसतं. पण आपल्या खाण्याने शेजाऱ्याच्या मनाला ठेच लागत असेल तर त्याचा विचार करावा. आता शेजारी कोणता धरायचा? प्रेमाने मोदक पुढे करणाऱ्या वहिनी, की आम्ही तो खाल्ला हे ऐकून अस्वस्थ होणारे आमचेच ख्रिस्ती स्नेही? नगरकर मोदक खातात, आणि दुसराही मागून घेतात. केडगावकर हात जोडून ‘माझं पान जेवणाला मांडा’ म्हणतात. एका घरात दोन रीती आहेत, आणि तशाच राहू दिल्या आहेत. एका ज्येष्ठ ख्रिस्ती स्नेह्यांना आमचं गणपतीला जाणंच पसंत नव्हतं. काही काळ त्यांनी आमच्याकडे येणं कमी केलं. ते आम्हांला लागलं. पण ज्या माणसांनी बाळंतपणात डबे आणून दिले, त्यांच्या सणाला ‘बिझी आहोत’ असं खोटं सांगणं आम्हांला जमलं नसतं.

हळदीकुंकवाचं सुरुवातीला अवघड होई. केडगावकरांच्या माहेरी कुंकू लावायची रीत नव्हती. कुंकवाचा करंडा घेऊन आलेली यजमानीण समोर यायची आणि बोट हवेतच थांबायचं. लावावं तर यांना चालेल का, न लावावं तर सवाष्णीचा अपमान. शेवटी केडगावकरांनीच वाट काढली. ‘मला गजरा माळा, आणि तिळगूळ दोनदा द्या.’ आता हा आमच्या मंडळातला शिरस्ताच झाला आहे. नव्या यजमानणीला जुन्या कुणीतरी आधीच सांगून ठेवतात.

आणि मुलं? मुलांच्या बाबतीत आम्ही एकच गोष्ट लावून धरली. जेवणाआधीची प्रार्थना रोज इंग्रजीत चालेल, शनिवारी रात्री मात्र मराठीत, आणि पाळी प्रत्येकाची. पाठ केलेली नाही, मनाने केलेली. मुलगी बारा वर्षांची असताना तिने बंड केलं. ‘देवाला इंग्लिश येत नाही का?’ हा पहिला प्रश्न. तो सोपा होता. दुसरा मात्र असा, की आम्ही जेवण थांबवून विचार करत बसलो. ‘आजोबांना तुम्ही म्हणायला लावता. सगळ्या काका-मावश्यांना तुम्ही. मग देवाला तू कसं?’

इंग्रजीत हा पेच पडतच नाही, कारण तिथे सगळेच एका मापाचे. मराठीत मात्र देवाला ‘तू’ आणि आईला ‘तू’. वडिलांना बहुतेक घरांत ‘तुम्ही’, पण स्वर्गातल्या पित्याला ‘तू’. आम्ही तिला रेव्हरंड टिळकांचं सांगितलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढे नगरला राहिले, आणि त्यांची भजनं आजही मराठी चर्चमधून टाळ-पेटीवर म्हणतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. तुकोबा विठ्ठलाशी भांडायचे, रुसायचे, ते ‘तू’ म्हणूनच. ती सलगी टिळकांनी पुलावरून येताना सोबत आणली. मुलीला यातलं किती कळलं कोण जाणे. ‘म्हणजे देव इज लाइक आई,’ असं म्हणून तिने जेवायला सुरुवात केली. शनिवारची प्रार्थना चालू राहिली, बहुतेक वेळा तीन वाक्यांची, त्यातलं एक वाक्य भाताबद्दल. ती कॉलेजला गेल्यावर चर्चला जाणंही कमी झालं. आम्ही त्याबद्दल फारसं बोललो नाही. मनात काय होतं ते ज्यांची मुलं इथे मोठी झाली आहेत त्यांना, कोणत्याही धर्माचे असोत, माहीत आहे.

एप्रिल २०२१ मध्ये नगरला आजी करोनाने आजारी पडल्या. नगरकरांच्या आई, वय सत्त्याऐंशी. जाणं शक्य नव्हतं. रात्री आमच्या अकराला, म्हणजे तिकडे सकाळी साडेआठला, नर्सबाई फोन त्यांच्यासमोर धरत. आम्ही दोघं आलटून पालटून प्रार्थना करायचो, पण चौथ्या दिवशी नगरकरांना शब्द फुटेना, आणि केडगावकरांनाही. फोनवर तिसऱ्या चौकटीत मुलगी होती, तिच्या शिकागोच्या घरून. तिने सुरुवात केली. तिचं मराठी अडखळतं, लिंगं चुकतात. ‘हे प्रभू, तू आजीच्या जवळ आहे. तू तिचा हात धर. तिला भीती नको वाटू दे. तिने मला करंज्या केली.’ तीनच वाक्यं म्हणायची सवय, म्हणून चौथ्याला ती थांबली, आणि मग परत पहिल्यापासून म्हणाली. आजींनी मान हलवली. दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्या ‘तू’ची सर आमच्या कुठल्याच लांबलचक प्रार्थनेला आली नसती, एवढं खरं. त्याने मुलीची श्रद्धा परत आली का, असं आम्हांला काही स्नेह्यांनी विचारलं. आम्ही तिला ते विचारलेलं नाही. ती चर्चला कधी जाते, कधी नाही. पण आजींच्या मागे त्यांची भजनांची जुनी वही कुरियरने तिच्याकडे गेली आहे, तिच्याच मागणीवरून. गेल्या वर्षी तिने कळवलं, की यातली दहा-बारा भजनं कुणीतरी रोमन अक्षरांत लिहून द्यावीत, म्हणजे तिला चालीवर म्हणता येतील. नगरकर लगेच कागद-पेन घेऊन बसले होते. केडगावकरांनी साफ नकार दिला. अंगी रमाबाईंच्या गावचं पाणी! त्यांचं म्हणणं, क्रूसावरचं लॅटिन त्या बाईंनी चालवून घेतलं नाही, मग मी आजींच्या वहीला रोमन कसं चालवून घेऊ? अक्षरं शिक. त्यावर मायलेकींची बरीच वाटाघाट झाली. आता दर शनिवारी रात्री व्हिडिओवर अर्धा तास बाराखडी चालते. तिचा नवराही मागे उभा राहून ऐकतो, आणि त्याला ‘ख’ तिच्यापेक्षा चांगला जमतो, असं केडगावकरांचं निष्पक्ष मत आहे. सध्या गाडी ‘ळ’वर अडली आहे.